क्रम आणि निर्णय : ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील काल-नियमांचा इतिहास (१९९३–२०२४)

१

परस्परविरुद्ध अशा दोन क्रिया एकाच प्रसंगी उपस्थित झाल्या असता त्यांपैकी कोणती आधी घडली असे मानावयाचे, हा प्रश्न प्रत्येक नियमसंहितेला केव्हा ना केव्हा सोडवावा लागतो. पाणिनीच्या व्याकरणात समबल नियमांचा विरोध आल्यास सूत्रपाठात नंतर येणारा नियम प्रबल मानला आहे. भारतातील १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतरण कायद्याने याच्या उलट व्यवस्था लावली. एकाच मिळकतीवर एकाच व्यक्तीने वेगवेगळ्या वेळी हक्क निर्माण केले, तर नंतरचा हक्क सामान्यतः आधीच्या हक्काच्या अधीन राहतो. दोन्ही व्यवस्था सुसंगत आहेत. दोहोंतही क्रम हाच निर्णयाचा आधार आहे. परंतु क्रम कशाचा आणि तो कोणी ठरवावयाचा, याविषयी त्यांची उत्तरे भिन्न आहेत.

या प्रश्नाचा अभ्यास करावयास एखादे लहान पण पूर्ण क्षेत्र मिळाले तर ते उपकारक ठरते. व्याकरणाचे किंवा धर्मशास्त्राचे नियम घडत असताना झालेले वादविवाद बहुतांशी लुप्त झाले आहेत. आपल्या हाती येते ते त्यांचे अंतिम रूप. याउलट, १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात काल-नियमांची उत्पत्ती, त्यांतील विसंगती, त्यांचे आमूल परिवर्तन आणि त्या परिवर्तनातून उद्भवलेले नवे प्रश्न ही सर्व अवस्थांतरे तीन दशकांच्या आत घडून आली, आणि प्रत्येकाचा काल निश्चित सांगता येतो. प्रस्तुत लेखात या अवस्थांतरांचा परामर्श घेतला आहे. या इतिहासाची मुख्य दिशा एका वाक्यात सांगावयाची तर ती अशी : आरंभी काल हा पत्त्याचा गुण मानला जात होता, पुढे तो केवळ क्रमातील स्थान बनला. हे स्थित्यंतर वाटते तितके सरळ नव्हते, आणि ते पूर्णत्वाला गेले आहे असेही म्हणता येत नाही.

२

या खेळाचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणितज्ञ होता. संयोगशास्त्र हा त्याच्या अध्ययनाचा विषय. पीटर ॲडकिसन याच्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या संस्थेने ऑगस्ट १९९३ मध्ये खेळाची पहिली आवृत्ती काढली. तीत २९५ निरनिराळे पत्ते होते. नेहमीच्या बावन पत्त्यांच्या खेळाहून याचे वेगळेपण असे की, प्रत्येक खेळाडू आपला संच स्वतः जमवतो आणि प्रत्येक पत्त्यावर त्या पत्त्यापुरता नियम छापलेला असतो. प्रत्येकाजवळ आरंभी वीस प्राणांक असतात. प्रतिपक्षाचे प्राणांक शून्यावर आणणे हे बहुधा खेळाचे उद्दिष्ट. पत्त्यावरील मजकूर सामान्य नियमाशी विसंगत असेल तेथे पत्ता प्रमाण मानावयाचा, हे या खेळाचे मूलतत्त्व होय. आपल्याकडील शास्त्रीय परिभाषेत, उत्सर्गाहून अपवाद बलवान.

या रचनेतच कालविषयक वादाचे बीज होते. बुद्धिबळात खेळाडू आळीपाळीने खेळतात. एकाची खेळी पूर्ण झाल्यावाचून दुसऱ्याला हात उचलता येत नाही. ‘मॅजिक’मध्ये प्रतिपक्षाच्या पाळीतही, त्याची खेळी परिणामास पोहोचण्यापूर्वी, मध्ये पडण्याची मुभा आहे. एक साधे उदाहरण घेतले म्हणजे या मुभेचे परिणाम ध्यानात येतील. एका खेळाडूजवळ दोन बलाचा व दोन सहनशक्तीचा प्राणी आहे. प्रतिपक्षाजवळ ‘लाइटनिंग बोल्ट’ हा तीन अंकांचा आघात करणारा पत्ता आहे. प्राण्याच्या स्वामीजवळ प्राण्याचे बल व सहनशक्ती तिनांनी वाढविणारा ‘जायंट ग्रोथ’. वृद्धी आधी लागू झाली तर पाच सहनशक्तीचा प्राणी तीन अंकांचा आघात सोसून जगतो. आघात आधी लागू झाला तर प्राणी मरतो आणि वृद्धीला लक्ष्यच उरत नाही. पत्ते तेच, खेळाडू तेच, हेतूही तेच. केवळ क्रम बदलला की निकाल उलटतो. क्रमाचा प्रश्न हा या खेळात उपचाराचा नसून जयपराजयाचा आहे, तो या अर्थाने.

३

पहिल्या नियमपुस्तिकेने या प्रश्नाला दिलेले उत्तर वर्गीकरणाचे होते. काही पत्ते मंदगती मानले गेले. ते आपल्याच पाळीत, अन्य काही घडत नसताना खेळावयाचे. काहींना ‘इन्स्टंट’ म्हणजे तात्काळ हा वर्ग मिळाला. आणि त्यांहूनही शीघ्र असा ‘इंटरप्ट’ म्हणजे व्यत्ययकारी पत्त्यांचा वर्ग वेगळा काढण्यात आला. ‘लाइटनिंग बोल्ट’ व ‘जायंट ग्रोथ’ हे दोन्ही इन्स्टंट वर्गातले. प्रतिपक्षाचा मंत्र निष्फळ करणारा ‘काउंटरस्पेल’ इंटरप्ट वर्गातला. इंटरप्टला उत्तर द्यावयाचे तर ते इंटरप्टनेच देता येई. इन्स्टंट त्याच्या गतीला पोचत नसे. वेग हा पत्त्याच्या जातीचा धर्म होता आणि ती जात पत्त्यावरच छापलेली असे.

ही व्यवस्था लहान मंडळीत खेळणाऱ्यांना पुरेशी होती. परंतु खेळाचा प्रसार अपेक्षेबाहेर झाला. ऑगस्ट १९९४ मध्ये मिलवॉकी येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथून व्यावसायिक स्पर्धांची मालिका सुरू झाली. मित्रमंडळीत ‘आपल्याकडे असे खेळतात’ एवढे सांगून वाद मिटत असे. बक्षिसाच्या रकमेसाठी दूरदूरच्या गावांहून आलेल्या अनोळखी खेळाडूंमध्ये तो तसा मिटणे शक्य नव्हते. स्थानिक रूढीची जागा लिखित संहितेने व पंचांच्या निर्णयाने घेतली, ती या गरजेतून.

चौथ्या (एप्रिल १९९५) व पाचव्या (मार्च १९९७) आवृत्तींच्या काळात शीघ्र पत्त्यांची व्यवस्था गटांनी लावली जाई. एकाने मंत्र उच्चारला की गट सुरू होई. दोघेही खेळाडू त्यात उत्तरादाखल भर घालीत. आणि दोघांनीही आणखी काही न करण्याचे ठरविले की तो संपूर्ण गट शेवटून आरंभाकडे, अखंडपणे निकालात निघे. एकदा गट उलगडू लागला की मध्ये काहीही घालण्यास मनाई होती. म्हणजे ‘शेवटी आलेले प्रथम’ हे तत्त्व या काळीही ज्ञात होते. परंतु त्याच्या भोवती अपवादांचे कुंपण होते.

या अपवादांपैकी तीन विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला व्यत्ययाच्या क्षणाचा. मंत्र उच्चारला जात असतानाच त्यावर इंटरप्ट लागू करता येई. तो क्षण टळला की मंत्र ‘यशस्वीपणे उच्चारला गेला’ असे समजत, आणि मग त्याचा परिणाम अद्याप व्हावयाचा असला तरी तो रद्द करता येत नसे. क्षण टळला की नाही, हा प्रश्न अर्थातच वादाचा. एकाने घाईने पुढचा पत्ता टाकला आणि दुसऱ्याने ‘थांबा, मला व्यत्यय आणावयाचा होता’ असे म्हटले, तर कोणाचे ग्राह्य मानावयाचे ? नियमात क्षणाची व्याख्या होती. परंतु तो क्षण टेबलावर दिसत नव्हता.

दुसरा अपवाद आघातनिवारणाचा. आघात झाल्यानंतर आणि प्राणी मृत ठरण्यापूर्वी एक स्वतंत्र टप्पा कल्पिलेला होता. त्यात आघात टाळणारे, तो अन्यत्र वळविणारे किंवा प्राण्यास पुनरुज्जीवित करणारे पत्तेच खेळता येत. ‘हीलिंग सॅल्व्ह’सारखा पत्ता घाव बसल्यावर उपयोगी पडे, तो या टप्प्यामुळे. कल्पना म्हणून हे स्वाभाविक आहे, कारण मलम जखमेनंतरच लावतात. परंतु त्यामुळे घडून गेलेली घटना काही काळ घडलेली आणि न घडलेली अशा दोन्ही अवस्थांत राहू लागली.

तिसरा अपवाद पराभवाचा. प्राणांक शून्यावर आले तरी खेळाडू तत्क्षणी हरत नसे. चालू टप्प्याच्या अखेरीस त्याची मोजदाद होई. चतुर खेळाडूंनी याचा उपयोग करून घेतला नसता तरच नवल. १९९४ च्या ‘लेजेंड्स’ या संचातील ‘मिरर युनिव्हर्स’ हा पत्ता दोघा खेळाडूंच्या प्राणांकांची अदलाबदल करतो. आपले प्राणांक मुद्दाम शून्यावर आणावयाचे, टप्पा संपण्यापूर्वी हा पत्ता वापरावयाचा, आणि स्वतःचा मृत्यू प्रतिपक्षाच्या पदरी घालावयाचा, ही खेळी नियमाला धरून होती. सामान्य बुद्धीला ती विपरीत वाटे, तरीही संहितेत तिला प्रतिबंध नव्हता.

‘डार्क रिच्युअल’ या एकाच पत्त्याचा प्रवास या काळातील गोंधळाचा चांगला निदर्शक आहे. मंत्रांना लागणारी शक्ती निर्माण करणारा हा पत्ता पहिल्या आवृत्तीत इंटरप्ट होता. १९९६ च्या ‘मिराज’ संचात त्यावर ‘माना सोर्स’ हा नवाच वर्ग छापला गेला. १९९९ नंतर तो इन्स्टंट झाला. पत्त्याचे कार्य या सहा वर्षांत बदलले नाही. बदलली ती कालाची मीमांसा. वेगाचे दोन वर्ग अपुरे पडले म्हणून तिसरा काढावा लागला, आणि यातूनच वर्गीकरणाच्या पद्धतीची मर्यादा स्पष्ट झाली.

४

एप्रिल १९९९ मध्ये ‘क्लासिक’ या नावाने ओळखली जाणारी सहावी आवृत्ती निघाली आणि तिच्यासमवेत नियमांची पुनर्रचना झाली. इंटरप्ट व माना सोर्स हे वर्ग रद्द झाले. त्यांतील सर्व पत्ते इन्स्टंट मानावयाचे ठरले. गटाच्या जागी ‘स्टॅक’ आला. मराठीत यास ‘चळत’ हा शब्द चपखल बसतो. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलले जाते, तसेच हे. गणकयंत्रशास्त्रात ही रचना आधीपासून रूढ होती. जर्मनीत फ्रिड्रिश बाउअर व क्लाउस सामेल्सन यांनी १९५० नंतरच्या दशकातच सूत्रांचे गणन करण्यासाठी तिचा पुरस्कार केला होता.

नव्या व्यवस्थेचा गाभा दोन गोष्टींत आहे. पहिली अशी की, चळत अखंडपणे उलगडत नाही. वरचा एक मंत्र निकालात निघाला की पुन्हा खेळण्याचा अधिकार फिरतो, आणि उरलेल्या चळतीवर नवे काही ठेवता येते. दुसरी गोष्ट या अधिकाराची. त्यास ‘प्रायॉरिटी’ म्हणतात. कोणत्याही क्षणी तो एकाच खेळाडूजवळ असतो. ज्याची पाळी चालू आहे त्याला तो प्रथम मिळतो. आणि सर्वांनी क्रमाने तो सोडला तरच चळतीतील वरची वस्तू लागू होते. अशा रीतीने ‘कोण अधिक चपळ’ हा प्रश्नच बाद झाला. हाताच्या वेगाला, घाईला किंवा पत्त्याच्या जातीला आता महत्त्व उरले नाही. ‘काउंटरस्पेल’चा क्षण टळण्याचा वादही मिटला, मंत्र चळतीत आहे तोवर, खेळण्याचा अधिकार हाती येताच तो रद्द करता येतो.

परंतु सर्वच घटना चळतीत घालता येत नाहीत, हे कर्त्यांना जाणवले होते. प्राणांक शून्यावर आलेला खेळाडू किंवा प्राणघातक आघात झालेला प्राणी यांची व्यवस्था चळतीबाहेर ठेवण्यात आली. कोणालाही खेळण्याचा अधिकार मिळण्यापूर्वी खेळाची स्थिती तपासावयाची आणि असे जे जे आढळेल ते सर्व एकाच वेळी निकालात काढावयाचे, असा नियम झाला. त्यावर उत्तर देण्यास अवकाश नाही. ‘मिरर युनिव्हर्स’ची जुनी खेळी येथे संपली, शून्य प्राणांकांचा खेळाडू पुढचा पत्ता खेळण्यापूर्वीच हरतो. आघातनिवारणाचा टप्पाही गेला. मलम आता घावाआधी लावावे लागते, म्हणजे निवारण आधी योजून ठेवावयाचे आणि आघात येताच ते लागू व्हावयाचे.

एकाच घटनेने दोघांच्याही पत्त्यांवरील परिणाम जागृत झाले तर काय, या प्रश्नाचे उत्तरही क्रमानेच दिले गेले. ज्याची पाळी चालू आहे त्याचे परिणाम चळतीत आधी ठेवावयाचे, नंतर दुसऱ्याचे. चळतीच्या गुणधर्मामुळे दुसऱ्याचे परिणाम आधी लागू होतात. खऱ्या अर्थाने समकालीन अशा घटनांनाही येथे कृत्रिम क्रम दिला जातो, आणि तो क्रम न्याय्य आहे असा दावा कोणी केलेला नाही. तो निश्चित आहे, एवढेच त्याचे समर्थन. अनेक कायद्यांतील कालविषयक तरतुदींचे समर्थनही याहून फारसे वेगळे नसते.

५

या पुनर्रचनेस विरोध झाला. खेळ सोपा करण्याच्या नावाखाली त्यातील कौशल्य काढून घेतले जात आहे, हा आक्षेप अनुभवी खेळाडूंनी घेतला. परंतु त्याहून मूलगामी प्रश्न छापील शब्दाच्या प्रामाण्याचा होता. खेळाडूच्या हातात जो पत्ता होता, त्यावर ‘इंटरप्ट’ असे स्पष्ट छापलेले होते. तो पत्ता त्याने विकत घेतला होता. पत्ता प्रमाण हे तर खेळाचे मूलतत्त्व. आता संस्थेने सांगितले की, त्या शब्दाचा अर्थ उरलेला नाही. पुढे ‘ओरॅकल’ या नावाने प्रत्येक पत्त्याचा अधिकृत पाठ संस्थेकडून प्रसिद्ध होऊ लागला, आणि छापील पाठ व अधिकृत पाठ यांत भेद असेल तेथे अधिकृत पाठ ग्राह्य ठरला. मूळ ग्रंथ तसाच ठेवून त्याचा अर्थ भाष्याने बदलावा, ही प्रक्रिया आपल्या परंपरेला अपरिचित नाही. येथे विशेष इतकाच की, भाष्यकार आणि ग्रंथाचा प्रकाशक एकच होता.

नव्या नियमांनी जुन्या पत्त्यांना अकल्पित सामर्थ्य दिल्याचेही दिसून आले. १९९८ च्या ‘उर्झाज सागा’ संचातील ‘वेले’ हा पत्ता तीन योद्धे निर्माण करतो आणि पाळीच्या अखेरीस ते नाहीसे व्हावेत अशी योजना होती. बचावाचा हा सामान्य पत्ता. परंतु नव्या व्यवस्थेत ‘पाळीची अखेर’ हा एक निश्चित क्षण ठरला. तो क्षण येऊन गेल्यावर, पण पाळी संपण्यापूर्वी पत्ता खेळला, तर योद्धे पुढच्या पाळीच्या अखेरीपर्यंत टिकत आणि आपल्या स्वामीच्या पाळीत हल्ला करीत. शेवटी पत्त्याचा अधिकृत पाठ बदलून ही वाट बंद करावी लागली. व्याख्या जितकी नेमकी तितकी तिच्या कडेची फट अधिक स्पष्ट, असा याचा बोध.

याहून मोठा प्रश्न लढाईतील आघाताचा होता. सुसंगतीच्या आग्रहापोटी १९९९ च्या नियमांनी हा आघातही चळतीत ठेवला. परिणाम असा झाला की, प्राण्याने आघात ‘चळतीत ठेवल्यावर’ त्या प्राण्याचा बळी देता येई आणि तरीही त्याचा आघात लागू होई. ‘मॉग फनॅटिक’ हा एक बलाचा प्राणी बळी दिल्यास एक अंकाचा आघात करतो. तो लढाईतील एक आणि बळी जाऊन एक असे दोन अंक साधू लागला. तर्काने हे निर्दोष होते, आणि दशकभर निष्णात खेळाडूंनी हे कौशल्य अंगी बाणविले. परंतु नवख्या खेळाडूला, जो प्राणी रणात नाही त्याचा घाव बसतो, हे पटविणे कठीण जाई. जुलै २००९ च्या नियमांनी लढाईतील आघात चळतीबाहेर काढला. तो आता एकदम होतो. ‘मॉग फनॅटिक’ला दोहोंपैकी एक निवडावे लागते. त्याच वेळी, एका हल्लेखोराला अनेकांनी अडविल्यास आघात कोणत्या क्रमाने वाटावयाचा हे आधी ठरविण्याचा नियम आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फाउंडेशन्स’ संचासमवेत तोही रद्द झाला. एक क्रम काढला म्हणून दुसरा घालावा लागला आणि पंधरा वर्षांनी तोही अनावश्यक ठरला.

२००६ मधील ‘स्प्लिट सेकंड’ हा गुणधर्म याच संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. हा गुण असलेला मंत्र चळतीत असेपर्यंत, शक्ती निर्माण करणाऱ्या क्रियांसारखे काही अपवाद वगळता, कोणालाही काही खेळता येत नाही. सात वर्षांपूर्वी हद्दपार केलेली वेगाची कल्पना पत्त्यावरील मजकुराच्या रूपाने परत आली. भेद असा की, ती आता व्यवस्थेचा पाया राहिली नसून व्यवस्थेतील अपवाद झाली होती.

६

चळतीने क्रियांचा क्रम लावला. परंतु जे परिणाम सतत चालू असतात त्यांचे काय? यासाठी संहितेने सात थर कल्पिले आहेत. एकाच थरातील परिणाम सामान्यतः कालानुक्रमे लागू होतात, म्हणजे नंतर आलेला शेवटी लागू होऊन प्रबल ठरतो. पाणिनीच्या परत्वाचे येथे स्मरण व्हावे. परंतु एक परिणाम दुसऱ्याच्या अस्तित्वावरच उठत असेल तर कालक्रम बाजूस सारला जातो. ‘ब्लड मून’ हा पत्ता विशेष भूमींना साधी पर्वतभूमी बनवितो. ‘उर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ’ ही विशेष भूमी सर्व भूमींना दलदलीचाही गुण देते. ‘उर्बोर्ग’ आधी आली असली तरी ‘ब्लड मून’च आधी लागू होतो, कारण तो लागू झाला की ‘उर्बोर्ग’ची शक्तीच नाहीशी होते. व्याकरणातही केवळ परत्वाने सर्व विरोधांचा निकाल लागत नाही. तेथे नित्य, अंतरंग, अपवाद अशी बलाबलाची अन्य तत्त्वे भाष्यकारांना मांडावी लागली. दोन्ही परंपरांत परस्परसंबंध नाही. तरी क्रम या एकाच तत्त्वावर संहिता उभारू पाहणाऱ्यांना संबंधाचे दुसरे तत्त्व स्वीकारावे लागते, हे साम्य आकस्मिक म्हणता येणार नाही.

आज या खेळाची संपूर्ण नियमसंहिता दोनशेहून अधिक पृष्ठांची आहे. तरीही पंचांपुढे येणारे सर्व वाद तिने मिटत नाहीत, कारण संहितेतील काल आणि टेबलावरील काल एक नव्हेत. संहितेप्रमाणे प्रत्येक पाळीत खेळण्याचा अधिकार अनेकदा इकडून तिकडे जातो. प्रत्यक्षात दर वेळी तो शब्दांनी सोडावयाचा म्हटला तर एक डाव संपावयास दिवस लागेल. म्हणून स्पर्धांचे नियम काही संक्षेप मान्य करतात. ‘लढाई’ एवढा एक शब्द उच्चारला की त्यामागील अनेक क्षण उलटले असे मानले जाते. नेमके कोणते क्षण उलटले, यावरून मग वाद होतात. लढाईच्या प्रारंभीच एखादी क्रिया करावयाचा हेतू असलेला खेळाडू ‘लढाई’ म्हणून बसला आणि त्या शब्दानेच ती संधी गमावून बसला, असे प्रसंग आल्यावर २०१७ मध्ये या संक्षेपाचा अर्थ पुन्हा निश्चित करावा लागला. इंटरप्टच्या काळातील ‘क्षण टळला की नाही’ हाच प्रश्न वेगळ्या वेषात पुढे उभा राहिला. नियमांतून तो गेला. बोलण्यातून गेला नाही.

२०१९ मध्ये ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी या खेळाच्या नियमांत कोणतेही गणन मांडता येते, असे सिद्ध केले. याचा अर्थ असा की, पुढील प्रत्येक खेळी नियमांनी बांधलेली असली, तरी डावाचा निकाल काय लागेल हे सर्वच बाबतींत आधी सांगणारी रीत असू शकत नाही. नियमांची नेमकेपणाकडे झालेली वाटचाल अशा ठिकाणी पोहोचली आहे की, प्रत्येक पाऊल निश्चित असूनही शेवट अनिश्चित राहू शकतो.

यावरून १९९९ चे परिवर्तन व्यर्थ होते असे अनुमान काढणे चुकीचे होईल. काल-नियमांचे कार्य निकाल भाकित करणे हे नव्हे. निकालाबद्दल मतभेद झाल्यास दोघांनाही मान्य करावी लागेल अशी एक वाट दाखविणे, हे होय. जातीवरून ठरणाऱ्या वेगात ही वाट पत्त्यागणिक बदलत होती ; चळतीत ती सर्वांसाठी एकच झाली. त्या वाटेवरून चालताना छापील शब्दाचे स्वामित्व खेळाडूकडून संस्थेकडे गेले, हे या निश्चिततेचे मोल. ते योग्य होते की अधिक, याचा विचार करताना एवढे ध्यानात ठेवावे लागेल की, अनोळखी माणसांनी एकत्र बसून खेळावयाचे तर कोणत्या तरी एका पाठाला अंतिम मानण्यावाचून गत्यंतर नसते. आणि तो पाठ बदलण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न कोणत्याही क्रमाने आपोआप सुटत नाही.